आधी मार्किंग

गेल्या वर्षी बारा भोकं पाडली त्यांनी,
अंदाजानं.
सहा डावीकडं, सहा उजवीकडं,
आई वाफ्यात मेथी फोकायची तशी.
बाराही ठिकाणी काही नाही.
मेहुणा पेढे घेऊन आला कुंजीरवाडीहून,
आणि पीएसए चढतच राहिलं
बंद पडलेल्या कारखान्याच्या वीजबिलासारखं.

चौतीस वर्षं टूलरूममध्ये काढली मी, भोसरीला.
आयटीआयची पोरं यायची, ड्रिलला हात लावायला उतावीळ.
मी म्हणायचो, आधी निळं लाव, स्क्राइबरनं रेघ मार,
मग पंच,
मग ड्रिल.
न मोजता भोक पाडलं म्हणून विलास गव्हाणेला
दिवसभर कानस मारायला लावली होती.
आज चाकणला त्याचं स्वतःचं शॉप आहे.
डॉक्टरांना हे सांगावंसं वाटलं. सांगितलं नाही.

यंदा म्हणाले, आधी एमआरआय.
नाशिक फाट्याला मेट्रो, सिव्हिल कोर्टला बदलून नळ स्टॉप,
तळघर, एसी, पाठीवर उघडा झगा.
एक मुलगी फॉर्म वाचत होती.
पेसमेकर? नाही. दातात धातू? दातच नाहीत.
डोळ्यात कधी लोखंडाचा कीस गेला होता का?
मी हसलो.
त्र्याण्णव साली, ग्राइंडरवर, उजव्या डोळ्यात.
मुजावरनं रुमालाच्या टोकानं काढला,
निघाला, असं तो म्हणाला होता.
मुजावर आता नाही. विचारणार कोणाला?
मग आधी डोळ्यांचा एक्स-रे,
जुना कण चुंबकानं हलेल म्हणून.
फोटोत दोन खोबण्या, स्वच्छ.
खरं बोलला होता मुजावर.
बत्तीस वर्षांनी त्याच्या कामावर सही झाली.

नळकांड्यातल्या आवाजाला लोक घाबरतात म्हणे.
मी ऐकत होतो: हा प्रेस, हा शेपर,
ह्याचं बेअरिंग गेलंय.
आणि मला झोप लागली.

डॉ. ऋता धारपांनी पडदा माझ्याकडं वळवला.
अक्रोडाएवढी ग्रंथी, आणि डावीकडं, मागच्या कडेला
नऊ मिलिमीटरचा डाग.
'गेल्या वेळच्या सुया ह्याच्या आजूबाजूनं गेल्या, काका.
संशयाला मार्क देतो आम्ही. पाचपैकी चार.'
जास्त मार्कांचं वाईट वाटलं,
आयुष्यात पहिल्यांदा.

मग टेबल. पाय वर बांधलेले,
आईनंतर जी जागा कोणी इतक्या उजेडात पाहिली नाही
ती दिव्याखाली.
सोनोग्राफीचा पडदा मुंग्या आलेल्या टीव्हीसारखा,
त्यावर त्यांनी एमआरआयचा हिरवा गोल आणून बसवला.
जरासा सरकला.
मी हललो नव्हतो, नुसता श्वास घेतला होता.
त्या थांबल्या.
पुन्हा जुळवला, कडेला कड.
मला सुई आठवत नाही तितकं ते थांबणं आठवतं.
माझ्या हाताखाली असत्या तर
पहिल्याच महिन्यात मशीन दिलं असतं त्यांना.

टक.
कोणी स्टेपलर दाबावा तसं.
टक. टक.
चार डागात, बाकीचे नेहमीच्या जागी.
पांढऱ्या शेवयीचे बारीक तुकडे,
बाटल्यांत, बाटल्यांवर नंबर.
नंबर मी मान वळवून वाचले. सवय.

घरी लघवीला लाली, सांगितली होती तशी.
शालन विचारते, दुखतं का?
नाही म्हणालो, मग म्हणालो, थोडं.
रिपोर्ट बुधवारी.

आमच्याकडं तपासणीत तीन टॅग असायचे.
हिरवा गेला डिस्पॅचला, लाल गेला भंगारात,
आणि पिवळा: निर्णय व्हायचाय.
पिवळ्याला कोणी हात लावायचा नाही,
मांडणीवर तसाच राहायचा तो, कधी आठवडा, कधी पंधरवडा.
गंज धरू नये म्हणून
जाता-येता मी त्याच्यावर तेलाचं फडकं फिरवायचो.

शालन माझ्या पायावरची चादर सारखी करते,
पुन्हा करते.